आलेप्पीला घरगुती होमस्टेत राहावं का हाऊसबोटीत? सोबत म्हातारे आई-बाबा अन् लेकरं आहेत

कापूसवाला_वणी

नमस्कार मंडळी. आमचं गाव वणी तालुक्यात, कापूस तूर सोयाबीन, दुसरं काही नाही. यंदा वेचणी आटपली का फेब्रुवारीत आई-बाबाले घेऊन केरळात जायचा विचार हाय. बाबा सत्तरीच्या वर गेले, जिंदगीभर पंढरपूर अन् शेगाव सोडून कुठं गेले नाही, मागच्या पावसाळ्यात त्याइनं टीव्हीवर आलेप्पीचे कालवे पाह्यले, घराच्या पायरीशी नाव लागते, बाया नावेतून भाजी घेते, लेकरं नावेत बसून शाळेत जाते, तवापासून एकच म्हणून रायले का एकदा हे डोयानं पाह्यचं हाय. म्हणून बाकी मुन्नार बिन्नार सगळं कॅन्सल केलं, फक्त आलेप्पी.

आता अडचण अशी का एजंट हाऊसबोटीचंच पॅकेज सांगून रायला. मावसभाऊ म्हणते का तिथं कालव्याच्या काठी लोकं आपल्याच घरच्या दोन-तीन रूमा पाहुण्याले देते, घरचीच बाई रांधते, तिथं राहा. पण दुसऱ्याच्या घरात आई-बाबाले अवघडल्यासारखं होईन का? भाषा येत नाही. आईचे गुडघे दुखते. बाबा माळकरी हायेत, मासोळीचा वास आला का जेवत नाही. लेकरं लहान हायेत, घरासमोरच पाणी म्हणजे मनात भीती हाय. जे खरंच राहून आले त्याइनं सांगा, एजंट लोकायनं मेसेज करू नका प्लीज.

बाई_पुसद

दादा, होमस्टेच घ्या, त्यातही ज्या घरात ती माणसं स्वतः राहतात तेच घर घ्या, हे मी सगळ्यात आधी सांगते कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. हल्ली खूप जण घर भाड्यानं घेऊन पाटी 'होमस्टे'ची लावतात, तिथं एक पोरगा किल्ली देऊन निघून जातो आणि जेवण बाहेरून येतं, मग ते लॉजच झालं ना. केरळ टुरिझम होमस्टेंना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असा दर्जा देतं आणि त्यासाठी मालकाचं कुटुंब त्याच घरात राहिलं पाहिजे अशी अट आहे, तेवढं सर्टिफिकेट आहे का विचारा. आणि फोन कराल तेव्हा सरळ विचारा, स्वयंपाक कोण करतं? घरच्या बाईशीच बोलणं करून दिलं तर समजा घर खरं आहे. मोडकंतोडकं हिंदी-इंग्रजी बहुतेकांना येतं, तरुण पोरांना तर चांगलंच येतं.

अवघडल्यासारखं होईल का म्हणाला तर, मलाही जायच्या आधी हाच प्रश्न होता कारण माझ्या सासूबाई कोणाच्या घरी पाणीसुद्धा संकोचून पितात. पण रूमला आपलं संडास-बाथरूम असतं, दार बहुधा वेगळं असतं, फक्त ओसरी आणि जेवायचं टेबल सगळ्यांचं मिळून. चपला बाहेर काढायच्या, सांजवेळी घरचे लोक प्रार्थनेला बसतात (त्या भागात ख्रिश्चन कुटुंबं बरीच आहेत, हिंदू घर असेल तर अंगणात नाहीतर ओसरीवर समई लावतात) तेवढा वेळ लेकरांना शांत बसवायचं. आपल्याकडे सांजवातीला जे पाळतो तेच. माझ्या सासूबाई दुसऱ्याच दिवशी त्या घरच्या आजीसोबत ओसरीवर चवळीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता तरी गुडघ्याला कोणतं तेल लावायचं इथपर्यंत बोलणं झालं.

आता जागा. आलेप्पी म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी ध्यानात घ्या. एक गावातले कालवे, वाडई कालवा आणि कमर्शियल कालवा, यांच्या दोन्ही बाजूंना रस्ता, दुकानं, जुनी गोदामं. तिथलं होमस्टे घेतलं तर रिक्षा दारापर्यंत येते, मेडिकल जवळ. दुसरं म्हणजे गावाच्या पलीकडचं कुट्टनाड, कैनकरी, नेडुमुडी वगैरे, बाबांनी टीव्हीवर पाहिलेलं ते हेच. तिथं काही घरांना रस्ताच नाही, नावेनंच जावं लागतं. बाबांची इच्छा पाहता मी कुट्टनाडच म्हणेन, पण आईच्या गुडघ्यासाठी दोन गोष्टी पक्क्या करा, नावेतून उतरायला पायऱ्या किती आणि कशा आहेत, आणि रूम तळमजल्यावर आहे का. घाटाचा फोटो व्हॉट्सअपवर मागवा, चांगले लोक लगेच पाठवतात. नेडुमुडीच्या बाजूनं आलप्पुळा (म्हणजे आलेप्पीच)-चंगनाश्शेरी रोड जातो, त्याच्या जवळचं घर मिळालं तर गाडीही जाते आणि समोर पाणीही मिळतं.

संत्राबाग_वरुड

बाईंचं बरोबर हाय पण मी हाऊसबोटीच्या बाजूनं दोन शब्द बोलतो, कारण एवढ्या दूर जाऊन बोटीत पाय नाही ठेवला त बाबाच्या मनाले लागन. आम्ही संत्र्याचा मृग बहार विकून गेलो होतो, घरचे सगळे होते. बोट पाह्यण्यासारखीच चीज हाय. जुन्या काळी याच बोटीतून धान अन् मसाले वाहत, लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवते, खिळा मारत नाही, वरून बांबू अन् चटईचं छप्पर. लेकरं त वेडी झाली होती.

पण पॅकेजवाला जे सांगत नाही ते आयका. दुपारी बाराच्या सुमारास चढवते, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरवते, अन् संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आत बोट काठाले बांधून टाकते काहून का रात्री मच्छीमाराइचे जाळे लागते. म्हणजे पैसे एका दिवसाचे अन् फिरणं चार-पाच घंट्याचं, बाकी बांधलेल्या बोटीत झोपा, बाजूले दुसऱ्या बोटी लागून, त्याइचे जनरेटर चालू. स्वस्तातल्या बोटीत एसी फक्त रात्री चालू करते, हे आधी विचारून घेजा. आम्हाले एका दलालानं सांगतलं एक अन् बोट दाखवली दुसरी, म्हणून सांगतो का अॅडव्हान्स द्यायच्या आधी जेट्टीवर जाऊन बोट डोयानं पाह्यजा, रूम, संडास, लाईफ जॅकेट सगळं.

अन् मेन गोष्ट, मोठी हाऊसबोट त्या बारक्या कालव्यात शिरतच नाही. ते मोठ्या पाण्यात, पुन्नमडा कायल (कायल म्हणजे सरोवर), वेंबनाड तिकडंच फिरते. बाबाले जे घराच्या पायरीशी नाव लागते ते पाह्यचं असंल त छोटी नाव नाही त शिकारा करा लागते, घंट्याच्या हिशोबानं मिळते. म्हणून माहा सल्ला असा का राहणं होमस्टेत, हाऊसबोट फक्त दिवसाची घ्या, जेवणासकट मिळते, रात्रीचा खर्च वाचते. सीझनमध्ये एका बेडरूमच्या बोटीले रात्रीचे सात-आठ हजार त सहज लागते, तेवढ्यात होमस्टेत दोन रूमा नाश्त्यासकट दोन रात्री भागते.

सरकारी बोट बी हाय, राज्य जलवाहतूक विभागाची, जशी आपली लालपरी. गावातले लोकं, शाळेचे पोरं, मासोळीवाल्या, सगळे त्यातूनच जाते, तिकीट अगदी कमी. बाबाले त्यात जरूर बसवजा, अर्ध्याच्या वर आलेप्पी त्यातूनच दिसून जाते.

कापूसवाला_वणी

बाई, भाऊ, लय धन्यवाद, एवढं डिटेल कोणीच सांगतलं नव्हतं. दिवसाची बोट हे डोक्यातच नव्हतं. आता जेवणाचं कोणी सांगा ना, बाबाचं टेन्शन तेच हाय. एकादशी बी मधात येईन. अन् गाडी कोणती पकडू, बल्लारशाहून बसलो त बरं पडन का?

सिस्टर_आर्वी

भाऊ मी नर्स आहे, माझ्या हॉस्टेलमधल्या अर्ध्या मैत्रिणी मल्याळी होत्या आणि त्यातली एक कुट्टनाडचीच, तिच्या घरी मी राहिलेली आहे, तिच्या काकांचं होमस्टे आहे, म्हणून स्वयंपाकघरातलं सांगू शकते.

पहिलं म्हणजे बुकिंग करतानाच सांगायचं की बाबा मासे-मटण-अंडं खात नाहीत आणि वेगळ्या भांड्यात केलेलं हवं. पोचल्यावर सांगू नका, तोपर्यंत करिमीन मासा तळायला घेतलेला असतो, पाहुणा आला की त्यांचा मान तोच. आधी सांगितलं तर त्यांना काहीच जड नाही कारण त्यांच्याकडे ओणमला पूर्ण शाकाहारी सद्या, म्हणजे सणाचं जेवण, करतात, केळीच्या पानावर अवियल, तोरन, ओलन, सांबार, पायसम, हे सगळं त्या बायांच्या हातातलं आहे. शक्यतो शाकाहारी हिंदू घर मिळालं तर बाबांना आणखी मोकळं वाटेल. पण दादा, वारा आला की शेजारच्या घरचा वास येणारच, पाण्याचा मुलूख आहे तो, बाबांना आधीच तेवढं सांगून ठेवा.

नाश्त्याला पुट्टू-कडला (तांदळाचा रवा आणि खोबरं नळीत वाफवतात, सोबत काळे हरभरे), अप्पम, इडियप्पम. तेल सगळं खोबऱ्याचं, पहिल्या दिवशी वेगळं लागतं. भात जाड आणि लालसर, मट्टा म्हणतात, आपल्या म्हाताऱ्यांना तो चावायला जड जातो तर पांढरा भात आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गहू-ज्वारी मिळेल या भरवशावर जाऊ नका. आई ज्वारीचं पीठ अन् ठेचा घेऊन गेल्या तर घरची बाई गॅस मोकळा करून देते, मी स्वतः तिथं भाकरी थापल्या, सगळं घर बघायला जमलं होतं आणि ठेच्यासोबत खाऊन त्यांच्या आजोबांच्या डोळ्यातून पाणी आलं तरी त्यांनी दुसरी मागितली.

एकादशीचं सोपं आहे. तिथं कप्पा घरोघरी असतो, उकडलेला कंद, साबुदाणा ज्या टॅपिओकापासून करतात तोच. फक्त त्याला हळद-मोहरीची फोडणी देऊ नका म्हणा, नुसतं मीठ. केळी तर लाल, पिवळी, नेंद्रन, ढिगानं.

पाणी जेवताना गुलाबी रंगाचं देतील, घाबरू नका, पतिमुगम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं असतं ते. लेकरांना तेच पाजा. चहूकडे पाणी असून कुट्टनाडात प्यायच्या पाण्याची टंचाई असते, काही ठिकाणी नावेनं टाक्या येतात, म्हणून पोरांना नळ सुरू ठेवून खेळू देऊ नका.

तब्येतीचं: फेब्रुवारीत आपल्याकडे अजून सकाळी गारवा असतो, तिथं दुपारी दमट उकाडा, घाम सुकतच नाही, ओआरएसची पाकिटं ठेवा. मच्छरदाणी आहे का विचारा. आई-बाबांच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्याच घ्या. आलप्पुळ्याजवळ वंडानमला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण बेटावरच्या घरातून रात्री निघायचं झालं तर नाव कोणाची, कोण चालवणार, हे मालकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. घरात कुटुंब राहत असलं की हाच खरा आधार, रात्री दोन वाजता दार वाजवलं तर उठणारं माणूस असतं. आणि लेकरांसाठी कालव्याच्या बाजूला कठडा किंवा फाटक असलेलंच घर घ्या, यात अजिबात तडजोड नको.

धानकरी_साकोली

वरती कोणी शेतीचं बोललंच नाही म्हणून लिहून राहिलो. वणीवाले दादा, तुमचे बाबा कास्तकार आहेत ना, मग होमस्टे घेताना असा मालक पाहा ज्याची स्वतःची धानशेती आहे. तसे बरेच मिळतात, पाहुणे अन् शेती दोन्ही करतात. मी भंडाऱ्याकडचा धानवाला, आमच्या पिढ्या मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाण्यावर गेल्या, मला वाटायचं धानाचं मला काय नवीन दाखवणार. पण कुट्टनाड पाहून मी बांधावर उभा राहिलो तो राहिलोच.

तिथली शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त खाली. बांधावर उभं राहायचं, डाव्या हाताला कालव्याचं पाणी अन् उजव्या हाताला धानाच्या बांध्या, अन् पाणी वर, बांध्या खाली. कालव्यातून हाऊसबोट जाते ती आपल्या धानाच्या लोंब्यांपेक्षा उंचावरून जाते. आपण जिंदगीभर मोटर लावून पाणी वावरात आणतो, ते लोक मोटर लावून पाणी वावरातून बाहेर फेकतात. पेट्टी आणि परा म्हणतात त्या पंपाला, लाकडी पेटीसारखा मोठा पंप, अजूनही दिसतो. त्याच्याही आधी माणसं पायानं चक्र फिरवून पाणी उपसत, रात्रंदिवस, पाळ्या लावून. ते मालकानं सांगितलं तेव्हा मला आमच्या आजोबांच्या हातचे घट्टे आठवले.

ही जमीन निसर्गानं दिलेली नाही, वेंबनाड सरोवराच्या तळातून माणसानं काढलेली आहे. नारळाची खोडं ठोकायची, मध्ये चिखल-माती-फांद्या भरून बांध घालायचा, मग आतलं पाणी उपसायचं. मुरिक्कन नावाच्या शेतकऱ्यानं १९४० च्या दशकात चित्तिरा, मार्तंडम अन् राणी अशी तीन मोठी कायलं (सरोवरातून काढलेल्या शेतांनाही तिथं कायलच म्हणतात) अशीच काढली, त्रावणकोरच्या राजघराण्यातल्या माणसांची नावं दिली. बांध घालणारे मजूर किती खपले असतील त्याचा हिशोब कुठं नाही, पण बांध पाहिला की समजतं.

रोवणी नाही करत ते, पऱ्हे टाकायची भानगडच नाही. मोड आलेलं बियाणं चिखलात फेकतात, पुंजा हंगाम, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी अन् फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी. म्हणून तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटाकडे गेलात तर बाबांना कापणी पाहायला मिळेल, हार्वेस्टर नावेवर चढवून आणतात, धानाची पोती नावेत भरतात, कापणी झाली की रिकाम्या बांध्यांत हजारो बदकं सोडतात ती सांडलेले दाणे वेचतात. एका वावराचा पंप बंद पडला तर सगळ्यांचं धान बुडते, म्हणून आखा शिवार मिळून एक समिती करतात, पेरणी कधी, पाणी कधी काढायचं, सगळं एकत्र ठरवतात. आपल्याकडं पाण्यावरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होते, तिथं एकट्याला शेती करताच येत नाही. हे बाबांना त्या मालकाच्या तोंडून ऐकू द्या, दुभाषी म्हणून त्याचा पोरगा बसवा मध्ये.

खारं पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमला मोठा बंधारा आहे, उन्हाळ्याच्या दिवसात दरवाजे बंद ठेवतात. त्यानं धान वाचते पण पाणी थांबून राहते, जलपर्णी माजते, मासोळीवाले नाराज असतात. फेब्रुवारीत एखादा बारीक कालवा जलपर्णीनं भरलेला दिसला तर त्याचं कारण हे. २०१८ च्या ऑगस्टमधल्या पुरात आखं कुट्टनाड पाण्याखाली गेलं होतं, लोकांना नावेनं काढून छावण्यांत नेलं. आमच्या मालकानं भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली, माझ्या छातीच्या वर होती. तरी पुढच्या हंगामाला पेरणी केलीच म्हणाला.

अन् आणखी एक. आपण ज्या स्वामीनाथन आयोगाचं नाव हमीभावासाठी घेतो ना, त्या एम. एस. स्वामीनाथन यांचं मूळ गाव मंकोंबू, ते याच कुट्टनाडात आहे. धान संशोधन केंद्रही आहे तिथं. नेडुमुडीकडं राहिलात तर मंकोंबू जवळच पडते. या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं २०१३ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आमच्या मामा तलावांनाही असं काही मिळायला पाहिजे हे माझं मत, पण तो विषय वेगळा.

बाई_पुसद

धानकरी दादा, किती छान लिहिलंत, शाळेतल्या पोरांना वाचून दाखवणार आहे.

वणीच्या दादांना एवढंच सांगते, कुट्टनाडच्या नादात आलेप्पी गाव पाहायचं सोडू नका, एक सकाळ तरी द्या. अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी हे बंदर वसवलं, समुद्रापासून सरोवरापर्यंत माल यावा म्हणून कालवे खोदले, गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं. त्यांची गुजराती गल्ली अजून आहे, जैन मंदिर आहे. पुढं कोचीचं बंदर मोठं झालं आणि इथला माल तिकडं वळला, म्हणून कालव्याकाठची गोदामं पडकी दिसतात. समुद्रावर जुन्या धक्क्याचे नुसते खांब उरलेत आणि १८६२ चा दीपस्तंभ आहे, आईंना खालीच बसवा, वर चढायचा जिना गुडघ्याला झेपणार नाही. काथ्याचा धंदाही इथलाच, परदेशात पायपुसणी जायची इथून. बाबांना अंबलप्पुळ्याच्या कृष्ण मंदिरात न्या, जवळच आहे, तिथलं पाल पायसम प्रसिद्ध आहे, धोतर नेसूनच जातील ते त्यामुळं काही अडचण नाही, फक्त सदरा काढून आत जावं लागतं.

संत्राबाग_वरुड

गाडीचं रायलं होतं. केरळ एक्सप्रेस नागपूर-बल्लारशाहवरून जाते, तुमाले वणीवरून बल्लारशाहच जवळ. पण ते कोट्टयमवरून जाते, आलेप्पीले जात नाही. एर्नाकुलम टाऊनले उतरून तिथून दुसऱ्या गाडीनं नाही त बसनं जा, किंवा कोट्टयमले उतरा. कोट्टयमवरून आलेप्पीले सरकारी बोट बी हाय, दोन-अडीच घंट्यात कुट्टनाडातूनच नेते, बाबाचं सपन तिथंच सुरू होईन. पण गाडी किती वाजता पोचते अन् शेवटची बोट किती वाजता हे दोन्ही पाहून घेजा, बोट कोणत्या जेट्टीवरून सुटते ते बी विचारजा कारण गावातल्या जेट्टीवरून नेहमीच सुटते असं नाही. उशीर झाला त सरळ टॅक्सी करजा, सामान अन् म्हातारे घेऊन जेट्टीवर अंधारात उभं राहू नका. खालचे बर्थ आताच बुक करा, एका दिवसाच्या वरचा प्रवास हाय.

कापूसवाला_वणी

सगळ्याइचे मनापासून आभार. बाबाले धानकरी भाऊचं आखं वाचून दाखवलं, दोनदा वाचाले लावलं, वावर खाली अन् पाणी वर हे त्याइले पटतच नव्हतं. मंग म्हणाले का बोट-फिट काही नको, त्या कास्तकाराच्या घरी नेऊन सोडा मले. तर आता ठरलं असं, नेडुमुडीकडं धानवाल्याचं घर पाह्यचं, रोडजवळचं, तळमजला, कठडा असलेलं. दिवसाची बोट लेकराइसाठी. एक सकाळ गावात अन् अंबलप्पुळा. फेब्रुवारीच्या शेवटच्या हप्त्यातली तिकिटं काढतो.

एक शेवटचं, मालकाले अॅडव्हान्स किती द्यायचा? आमच्याकडं कापसाचे पैसे हप्त्यानं येते, एकदम भरणं जमन असं नाही.

सिस्टर_आर्वी

पूर्ण कधीच देऊ नका भाऊ, एका रात्रीचे पाठवा, बाकी निघताना. खरं घर असेल तर एवढ्यावर थांबतात. पाठवायच्या आधी व्हिडिओ कॉल करून रूम, घाट आणि कठडा दाखवा म्हणा, आणि त्याच कॉलवर आईंना घरच्या बाईशी बोलू द्या. ज्वारीचं पीठ आणते म्हणून तेव्हाच सांगायला लावा.